लडाख मागतोय ती सहावी अनुसूची: तिच्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही

२४ सप्टेंबर २०२५ ला लेहमधलं आंदोलन चिघळलं. जाळपोळ झाली, गोळीबार झाला, चार जणांचा जीव गेला. दोन दिवसांनी या आंदोलनाचा चेहरा असलेले सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ताब्यात घेतलं गेलं आणि लडाखचा प्रश्न देशभरच्या बातम्यांत आला. त्या बातम्यांत ‘सहावी अनुसूची’ हे राज्यघटनेतल्या एका परिशिष्टाचं नाव सतत कानावर पडत होतं. लेह ॲपेक्स बॉडी आणि कारगिल डेमोक्रॅटिक अलायन्स या आंदोलन चालवणाऱ्या दोन आघाड्यांच्या चार मागण्यांपैकी ती एक. बाकीच्या तीन म्हणजे पूर्ण राज्याचा दर्जा, लडाखसाठी वेगळा लोकसेवा आयोग आणि एकाऐवजी दोन खासदार.

राज्य, आयोग, खासदार हे लगेच कळतं. सहाव्या अनुसूचीचं तसं नाही. समर्थकांना वाटतं ती मिळाली की जमीन, नोकऱ्या, संस्कृती सगळं सुरक्षित. विरोधकांना ती देश फोडण्याची पहिली पायरी वाटते. अनुसूचीचा मजकूर वाचला तर दोन्ही समजुती टिकत नाहीत. तिच्यात बरंच काही आहे, पण नेमकं काय मिळणार हे तिच्या नावावर ठरत नाही. तिचा कोणता परिच्छेद लागू होतो आणि शेवटची सही कोणाची, यावर ते ठरतं.

२०१९ नंतर लडाखच्या हातात काय उरलं

५ ऑगस्ट २०१९ पर्यंत लडाख हा जम्मू-काश्मीर राज्याचा भाग होता. राज्याच्या विधानसभेत लडाखचे चार आमदार असत: लेह, नुब्रा, कारगिल आणि झंस्कार. कलम ३७० आणि ३५अ मुळे बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नव्हती आणि राज्य सरकारची नोकरी मिळत नव्हती.

३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, तोही विधानसभेशिवाय. केंद्रशासित प्रदेश म्हणजे ज्याचा कारभार केंद्र सरकार आपल्या नेमलेल्या माणसाकरवी चालवतं असा प्रदेश. दिल्ली आणि पुद्दुचेरी हेही केंद्रशासित आहेत, पण त्यांना विधानसभा आहे. लडाखला नाही. चार आमदार होते, ते शून्यावर आले. उरला एक खासदार आणि दिल्लीहून नेमलेले नायब राज्यपाल.

लेहमधल्या बहुतेकांना केंद्रशासित प्रदेश हवाच होता, ती त्यांची कित्येक वर्षांची मागणी होती. कारगिलचा तिला विरोध होता. आज दोघं एकाच मागणीपत्रावर सह्या करत आहेत, कारण श्रीनगरपासून सुटका झाली तरी निर्णय लेह-कारगिलला आला नाही, तो दिल्लीला गेला, आणि जमिनीचं जुनं संरक्षणही गेलं.

लडाखला दोन डोंगरी विकास परिषदा आहेत, लेहची १९९५ पासून आणि कारगिलची २००३ पासून. प्रत्येकीत ३० सदस्य, त्यातले २६ निवडून आलेले आणि ४ नेमलेले. मग स्वायत्तता आहेच की, असं कोणी म्हणेल. इथे एक फरक समजून घ्यावा लागतो.

मुखत्यारपत्र आणि सातबारा

शेतीचा व्यवहार पाहणाऱ्या कोणालाही हा फरक माहीत असतो. मालकाने एखाद्याला मुखत्यारपत्र करून दिलं, तर तो माणूस शेत कसतो, मजूर लावतो, माल बाजारात नेतो. गावाला तोच मालक वाटतो. पण मालकाने मुखत्यारपत्र रद्द केलं की संपलं. ज्याचं नाव सातबाऱ्यावर लागलंय त्याला असं एका कागदाने बाजूला करता येत नाही. अर्थात सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकानाही असतो. तिथे बोजा चढलेला असेल, तर नाव असूनही हात बांधलेले राहतात.

डोंगरी परिषद साध्या कायद्याने बनलेली आहे, म्हणजे ती मुखत्यारपत्रावर चालते. तिचा कायदा बदलायला आज केंद्राने काढलेला एक विनियम पुरतो. जून २०२५ मध्ये तसंच झालं. परिषदांमध्ये महिलांना एक तृतीयांश आरक्षण आलं. बदल स्वागतार्ह होता, पण तो केंद्राच्या एका आदेशाने झाला, त्यासाठी परिषदेचा ठराव लागला नाही. उद्या त्याच वाटेने अधिकार कमीही करता येतील.

सहावी अनुसूची राज्यघटनेत आहे. तिच्याखालच्या परिषदेचे अधिकार कुठल्या राज्य सरकारला काढून घेता येत नाहीत. त्रिपुराने हा प्रवास प्रत्यक्ष केलाय. तिथली आदिवासी स्वायत्त परिषद आधी १९७९ च्या राज्याच्या कायद्याने बनली. जे राज्याने दिलं ते राज्यच काढूनही घेईल ही धास्ती होती, म्हणून १९८४ मध्ये ४९वी घटनादुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८५ पासून ती परिषद सहाव्या अनुसूचीत गेली. राज्याचं सुमारे दोन तृतीयांश क्षेत्र तिच्याखाली येतं.

अनुसूचीत आहे तरी काय

अनुसूची म्हणजे राज्यघटनेच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट. सहावी अनुसूची घटना समितीत गोपीनाथ बारदोलोई यांच्या उपसमितीच्या शिफारशींवरून आली. आज ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या चार राज्यांतल्या आदिवासी क्षेत्रांना लागू आहे आणि तिच्याखाली दहा स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत.

‘जिल्हा परिषद’ म्हटल्यावर आपल्यासमोर पंचायत राजमधली जिल्हा परिषद येते, आणि घोटाळा तिथेच होतो. आपली जिल्हा परिषद शाळा, दवाखाने, रस्ते चालवते, योजना राबवते. ती कायदा करत नाही. सहाव्या अनुसूचीतली परिषद काही विषयांवर चक्क कायदे करते. परिच्छेद ३ मध्ये ते विषय दिले आहेत: जमिनीचं वाटप आणि वापर, राखीव नसलेली जंगलं, शेतीसाठी कालव्याचं पाणी, फिरती शेती, गावाचा कारभार, गावप्रमुखांची नेमणूक, वारसाहक्क, लग्न आणि घटस्फोट, सामाजिक चालीरीती.

याशिवाय दोन्ही पक्ष आदिवासी असतील अशा वादांसाठी ती गावपातळीवर न्यायालयं स्थापन करू शकते. प्राथमिक शाळा, दवाखाने, बाजार, रस्ते तिच्याकडे असतात. जमीन महसूल, व्यवसाय कर, वाहन कर, बाजारात येणाऱ्या मालावरचा कर ती बसवू शकते. खाणींच्या स्वामित्वधनात तिला वाटा असतो. साधारणपणे परिषदेत जास्तीत जास्त ३० सदस्य असतात आणि मुदत पाच वर्षं. आसाममधल्या बोडोलँडची परिषद मात्र ४६ जणांपर्यंतची आहे.

जमिनीचं कलम: खरी मेख इथे आहे

लडाखच्या बहुतेक लोकांसाठी हा सगळा लढा जमिनीचा आहे. तो का, हे पाहायला चांगथांगच्या पठारावर जावं लागेल. तिथले चांगपा मेंढपाळ पश्मिना देणाऱ्या शेळ्या पाळतात. त्यांची चराऊ कुरणं पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीची आहेत. कोणत्या महिन्यात कोणतं कुरण, पाणवठा कोणाचा, हे ठरलेलं असतं, पण कुरण कोणा एकाच्या नावावर नसतं. कागदोपत्री ती सरकारी पडीक जमीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधल्या १३ गिगावॉटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत वीजवाहिनी टाकायला मंजुरी दिली. खर्च २०,७७३ कोटींहून अधिक. एवढ्या सौर पट्ट्यांना प्रचंड सपाट जमीन लागते, आणि लडाखमधली सपाट जमीन म्हणजे बहुतेक वेळा कुरण. ती कोणी द्यायची, कोणत्या अटींवर, मेंढपाळांना काय मिळणार, हे ठरवायला आज लडाखमध्ये निवडून आलेली विधानसभा नाही.

सहाव्या अनुसूचीचा परिच्छेद ३ इथे उपयोगी पडतो. शेती, चराई, निवास किंवा इतर कामांसाठी जमीन कोणाला द्यायची, कशी वापरायची, कोणती राखून ठेवायची यावर परिषदेला कायदा करता येतो. चराईचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे.

पण ‘बाहेरच्यांनी जमीन विकत घेऊ नये’ हा जो मुख्य हेतू सांगितला जातो, तो या परिच्छेदाने आपोआप साधत नाही. मेघालयातल्या संयुक्त खासी-जैंतिया डोंगरी परिषदेने १९५३ मध्ये आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि परिषद हरली. वाटप, ताबा आणि वापर यांत विक्री किंवा हस्तांतरण येत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. आज मेघालयात बाहेरच्याला जमीन घेता येत नाही ती राज्य विधानसभेच्या १९७१ च्या जमीन हस्तांतरण कायद्यामुळे. म्हणजे जे संरक्षण सहाव्या अनुसूचीच्या नावाने ओळखलं जातं, ते तिथे प्रत्यक्षात विधानसभेने दिलेलं आहे.

आसामात चित्र वेगळं आहे. १९९५ मध्ये परिच्छेद ३अ घालून कार्बी आंगलाँग आणि आजच्या दिमा हासाओ या दोन परिषदांना पंधरा जादा विषय दिले गेले, त्यात जमिनीचं हस्तांतरण नाव घेऊन आहे. २००३ मध्ये ३ब घालून बोडोलँडला चाळीस विषय मिळाले, त्यात जमीन आणि महसूल आहे. अनुसूची एकच, पण तीन परिषदांचे अधिकार तीन प्रकारचे. उद्या सरकारने ‘लडाखला सहावी अनुसूची दिली’ असं जाहीर केलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: नुसता ३, की ३अ सारखं काही? नुसता ३ असेल आणि विधानसभाही नसेल, तर जमीन विक्रीचा कायदा करणार कोण? केंद्रच.

शेवटची सही कोणाची

परिच्छेद ३ खाली परिषदेने केलेला प्रत्येक कायदा राज्यपालांकडे जातो आणि त्यांची संमती मिळेपर्यंत तो लागू होत नाही. संमती किती दिवसांत द्यायची याची मुदत अनुसूचीत नाही. परिषदेचा एखादा ठराव देशाच्या सुरक्षेला किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक वाटला तर राज्यपाल तो रद्द किंवा स्थगित करू शकतात. परिषद बरखास्तही होऊ शकते. सातबाऱ्यावर नाव आहे, पण इतर हक्कांत हा बोजा आहे.

राज्यांमध्ये या बोजावर थोडा वचक असतो. ठराव रद्द केल्याचा आदेश राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. तिथे परिषदेच्या भागातले आमदार बसलेले असतात, ते जाब विचारू शकतात. लडाखमध्ये राज्यपालांच्या जागी नायब राज्यपाल येतील आणि विधिमंडळ तर नाहीच. परिषदेच्या कायद्यावर सही करणारेही केंद्राचे आणि सही का केली नाही हे विचारायची जागाही दिल्लीत. यामुळेच अनुसूचीबरोबर राज्याची मागणी जोडलेली आहे. काहींना ती जास्तीची वाटते, हट्टाची वाटते. मजकूर वाचल्यावर मला तसं वाटत नाही. विधानसभेशिवायची सहावी अनुसूची अर्धीच चालते.

राज्याचे कायदे परिषदेच्या क्षेत्रात चालतात का, याचंही उत्तर ठिकाणाप्रमाणे बदलतं. आसाम, त्रिपुरा आणि मिझोराममध्ये परिच्छेद ३ मधल्या विषयांवरचा राज्याचा कायदा परिषदेने अधिसूचना काढल्याशिवाय तिथे लागूच होत नाही. मेघालयात उलट आहे. परिषदेचा आणि राज्याचा कायदा एकमेकांविरुद्ध गेले तर राज्याचा वरचढ ठरतो. लडाखच्या मसुद्यात या दोनपैकी कोणती पद्धत येते, याने परिषदेचं वजन निम्मंशिम्मं ठरेल.

पैसा कुठून येणार

कर बसवायचे अधिकार कागदावर भरपूर दिसतात. पण डोंगराळ, विरळ वस्तीच्या प्रदेशात व्यवसाय कर आणि बाजाराचा कर गोळा करून किती जमणार? २०११ च्या जनगणनेत लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती, आणि ती सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेली. ईशान्येतल्या बहुतेक परिषदा राज्य सरकारच्या अनुदानावर जगतात. अनुदान अडलं की पगार अडतात. मेघालयातल्या गारो डोंगरी परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत.

पंचायत राज संस्थांसाठी राज्यघटनेने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग बसवायला सांगितलंय. तो आपल्याकडे नीट चालतो का हा वेगळा विषय, पण निदान तशी व्यवस्था आहे. सहाव्या अनुसूचीतल्या परिषदांना ती लागू नाही. ही उणीव भरण्यासाठी १२५व्या घटनादुरुस्तीचं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण तो कायदा काही झाला नाही.

लडाखच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. केंद्राच्या करांतला वाटा फक्त राज्यांना मिळतो, पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला होता. केंद्रशासित प्रदेश त्या वाटपात नसतात. लडाखचा पैसा गृह मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून येतो. म्हणजे कायदा करायचा अधिकार परिषदेला दिला तरी खर्चाची किल्ली गृह मंत्रालयाकडे राहते. किती टक्के निधी परिषदेला थेट द्यायचा हे मसुद्यात आकड्यात लिहिलं नाही, तर बाकीचे अधिकार शोभेचे ठरतील.

‘ती अनुसूची ईशान्येसाठी आहे, केंद्रशासित प्रदेशाला कशी लागू होणार?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत कच्चा आहे. मिझोराम १९७२ ते १९८७ या काळात केंद्रशासित प्रदेश होता, आणि त्या काळात तिथे सहाव्या अनुसूचीतल्या परिषदा होत्या. कलम २४४ मध्ये तेव्हा ‘केंद्रशासित प्रदेश मिझोराम’ असा उल्लेखच होता.

ईशान्येबाहेर ती नेऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही. राज्यांची नावं तेवढी दिली आहेत आणि ती वेळोवेळी वाढवली गेली. लडाखमध्ये ९७ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, या आधारावर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेच सप्टेंबर २०१९ मध्ये ही अनुसूची लागू करण्याची शिफारस केली होती.

अडचण कायद्याची नाही, राजकीय इच्छेची आहे. अनुसूचीतल्या मजकुरात बदल करायला घटनादुरुस्तीचं दोन तृतीयांश बहुमतही लागत नाही. परिच्छेद २१ प्रमाणे संसद ते साध्या कायद्याने करू शकते आणि ती घटनादुरुस्ती मानली जात नाही. कलम २४४ मध्ये लडाखचं नाव घालायला मात्र त्रिपुरासारखी घटनादुरुस्ती लागू शकते. पण जे साध्या बहुमताने देता येतं ते साध्या बहुमताने आवळताही येतं, हे समर्थकांनी विसरू नये. तरीही गृह मंत्रालयात तयार झालेला विनियम आणि संसदेत चर्चा होऊन, मतदान होऊन झालेला कायदा यांत मोठं अंतर आहे.

‘चीन-पाकिस्तानच्या सीमेवर स्वायत्तता म्हणजे धोका’

संरक्षण, परराष्ट्र संबंध, सैन्य हे केंद्राचे विषय आहेत आणि सहावी अनुसूची त्यांना हातही लावत नाही. सैन्याला रस्ता, धावपट्टी, छावणी हवी असेल तर जमीन मिळेल का? मिळेल. परिषदेच्या जमिनीविषयक कायद्यांमुळे सार्वजनिक कामासाठीचं सक्तीचं भूसंपादन अडणार नाही, असं परिच्छेद ३ मध्येच लिहिलेलं आहे. खनिजांचंही तसंच. मेघालयातल्या कोळशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये स्पष्ट केलं की केंद्राचा १९५७ चा खाण कायदा सहाव्या अनुसूचीच्या क्षेत्रातही लागू आहे.

दुसरी बाजू मिझोरामची. तिथे वीस वर्षं सशस्त्र बंड चाललं. १९८६ च्या करारानंतर ते थांबलं, आणि करारात राज्याचा दर्जा होता, चालीरीती आणि जमिनीला घटनेचं संरक्षण होतं. स्वायत्तता दिल्याने मिझोराम देशापासून तुटला नाही. लडाखच्या लोकांनी तर बंडाची भाषाही केलेली नाही.

‘मग बाहेरच्याने तिथे धंदा करायचाच नाही का?’

परिच्छेद १० प्रमाणे परिषदेला बिगर-आदिवासींच्या सावकारी आणि व्यापारावर परवान्याची अट घालता येते. पण असे नियम करायला परिषदेच्या एकूण सदस्यांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि नियम होण्याआधीपासून तिथे धंदा करणाऱ्याला परवाना नाकारता येत नाही. पर्यटकाला यातलं काही लागू नाही. हॉटेल काढायला जमीन हवी असेल तर मात्र वर सांगितलेला जमिनीचा प्रश्न येतो.

‘२०२५ मध्ये इतकं दिलं, आता काय राहिलं?’

जून २०२५ च्या विनियमांनी स्थानिकांना नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण दिलं. रहिवासी ठरण्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आली, आणि ती वर्षं ३१ ऑक्टोबर २०१९ पासून मोजायची. इंग्रजी, हिंदी, उर्दू, भोटी आणि पुर्गी या राजभाषा झाल्या. नोकरीच्या प्रश्नावर हे खरोखर मोठं पाऊल आहे, ते कमी लेखू नये. त्यात दोन गोष्टी नाहीत. एक म्हणजे जमीन. दुसरी म्हणजे हमी, कारण हे सगळे विनियम आहेत, आणि ज्याने काढले तोच ते मागे घेऊ शकतो.

‘कलम ३७१ का चालणार नाही?’

वाटाघाटींत हा पर्यायही पुढे येतो. ३७१ हे एक कलम नाही, ती कलमांची रांग आहे आणि तिच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नागालँडचं ३७१अ आणि मिझोरामचं ३७१ग सांगतं की धर्म, चालीरीती, रूढीचा कायदा, जमिनीची मालकी आणि हस्तांतरण यावरचा संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होणार नाही. जमिनीच्या बाबतीत हे सहाव्या अनुसूचीपेक्षा बळकट आहे. फक्त ते वापरायला विधानसभा लागते.

याच रांगेत ३७१(२) आहे, आपल्या महाराष्ट्राचं. त्याखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. त्यांच्याकडे कायदा करायचा अधिकार नव्हता, कर बसवायचा नव्हता, त्यांचे सदस्य निवडणुकीने येत नव्हते, नेमले जात. अनुशेष मोजायचा आणि राज्यपालांनी निधीचं वाटप समन्यायी होईल ते पाहायचं. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, पुनर्स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मराठवाडा आणि विदर्भाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको की ३७१ हा आकडा मिळाला म्हणजे अधिकार मिळाले असं होत नाही.

‘मग आपल्या गडचिरोली-नंदुरबारला सहावी का नाही?’

महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांतल्या आदिवासी भागांना पाचवी अनुसूची लागू आहे. पाचवीत निर्णय राज्यपाल आणि राज्य सरकारचा, आणि सल्ला द्यायला जनजाती सल्लागार परिषद. तिच्यात तीन चतुर्थांश जागा आदिवासी आमदारांच्या. सहावीत निवडून आलेली स्थानिक परिषद स्वतः कायदा करते. लडाखला पाचवी दिली तर सल्लागार परिषदेत बसवायला आमदारच नाहीत, हीसुद्धा अडचण.

पाचवीच्या क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, आणि ते सहावीत नाहीत. गौण वनोपजाची मालकी, भूसंपादनाआधी सल्लामसलत, गावातल्या जलसाठ्यांचं व्यवस्थापन हे पेसात पार गावापर्यंत येतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि नंतर आपला बांबू स्वतः विकला. तो हक्क वनहक्क कायद्याखालचा, पण ग्रामसभेने ठरवायचं ही वाट तीच. सहावीत अधिकार परिषदेपाशी थांबतात. गावाला किती द्यायचं हे परिषदेच्या मर्जीवर.

परिषदेच्या आत सत्ता कोणाची

समर्थकांनी सर्वांत जास्त विचार इथे करायला हवा. पंचायत राजची घटनात्मक तरतूद सहाव्या अनुसूचीच्या क्षेत्रांना लागू नाही. त्यामुळे महिलांच्या एक तृतीयांश जागांची हमी नाही आणि निवडणुका वेळेवर घेणाऱ्या राज्य निवडणूक आयोगाचंही कवच नाही. निवडणूक घेणं शक्य नाही असं वाटलं तर परिषदेची मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवता येते. लडाखच्या परिषदांना २०२५ मध्ये मिळालेलं महिला आरक्षण अनुसूचीत जाताना गळून पडू नये, यासाठी ते मसुद्यात वेगळं लिहून घ्यावं लागेल.

पैशावर नजर ठेवणारं कोणी नसलं की काय होतं, तेही दिसलंय. आजच्या दिमा हासाओमध्ये, म्हणजे तेव्हाच्या उत्तर कछार हिल्समध्ये, परिषदेचा विकासनिधी सशस्त्र गटाकडे वळवल्याचं प्रकरण २००९ मध्ये बाहेर आलं आणि परिषदेच्या प्रमुखालाच अटक झाली. राष्ट्रीय तपास संस्थेने हाती घेतलेल्या अगदी पहिल्या प्रकरणांपैकी ते होतं.

अल्पसंख्याकांचाही प्रश्न आहेच. बोडोलँडमध्ये ४० निवडून द्यायच्या जागांपैकी ३० अनुसूचित जमातींसाठी, ५ बिगर-आदिवासींसाठी आणि ५ सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या भागात बोडो नसलेले लोक मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे हे गणित सतत वादात असतं. लडाखमध्ये जवळजवळ सगळेच अनुसूचित जमातींचे, म्हणून हा वाद त्या रूपात येणार नाही. तो लेह विरुद्ध कारगिल, बौद्ध विरुद्ध शिया असा येऊ शकतो. झंस्कार हा बौद्धबहुल भाग वर्षानुवर्षं कारगिल जिल्ह्यात होता, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पाच नव्या जिल्ह्यांत त्याचं नाव आहे. चांगथांग, नुब्रा, द्रास आणि शाम हे बाकीचे चार.

या प्रश्नावरचा उपाय अनुसूचीतच आहे, आणि तो फारसा चर्चेत येत नाही. एका स्वायत्त जिल्ह्यात वेगवेगळ्या जमाती असतील तर परिच्छेद १ प्रमाणे त्याचे स्वायत्त प्रदेश पाडता येतात आणि प्रत्येकाला स्वतःची प्रादेशिक परिषद देता येते. लुशाई डोंगरात १९५३ मध्ये अशी पावी-लाखेर प्रादेशिक परिषद झाली होती. १९७२ मध्ये तिचे तीन भाग झाले, आणि त्यांतून आजच्या मिझोरामच्या दक्षिण टोकाला असलेल्या लाई, मारा आणि चकमा या तीन स्वायत्त जिल्हा परिषदा आल्या.